अंदाज सांगायचा होता, हुकूम कसा झाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखिका यंत्रांच्या तपासणी विभागात काम करतात. शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. तांत्रिक वाचन आणि आकडेमोड यांत त्यांना अडचण येत नाही, पण इंग्रजी अहवालात 'शक्यता' सांगायची वेळ आली की हात थांबतो. मध्यंतरी एका बंद पडलेल्या यंत्राचा अहवाल त्यांनी लिहिला. त्यातल्या तीन वाक्यांवर वरिष्ठांनी लाल खुणा केल्या: 'द फॉल्ट कॅन बी इन द केबल', 'द ऑपरेटर मे नॉट टच द स्विच' आणि 'यू मस्ट रिसीव्ह द पार्ट बाय थर्सडे'. बाजूला शेरा होता, "हा अंदाज आहे की हुकूम?" एका क्लासमध्ये मिळालेला तक्ता त्यांनी पाठ केला आहे: मस्ट ९५ टक्के, मे ५०, कुड ४०, माइट ३०. पण बैठकीत टक्का ठरेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. क्लासच्या शिक्षकांचं म्हणणं असं की मराठीत सगळ्याला एकच 'शकतो', म्हणून मराठीत विचार करणं आधी बंद करा. त्या विचारतात: तक्ता आणखी घोटू, की सगळीकडे 'माइट' लिहून मोकळी होऊ?

प्रिय मैत्रीण,

तुमच्या तिन्ही वाक्यांत तुम्हाला काय म्हणायचं होतं, ते मराठीत मला लगेच ऐकू आलं. दोष केबलमध्ये असू शकतो. ऑपरेटरने स्विचला हात लावला नसेल. पार्ट गुरुवारपर्यंत तुम्हाला मिळायला हवा. या तिन्ही वाक्यांत खात्रीची तऱ्हा वेगवेगळी आहे आणि मराठीत तुम्ही ती अचूक पकडली होती. म्हणजे तुमचा विचार पक्का होता. तेव्हा मराठीत विचार करणं बंद करा हा सल्ला मला अजिबात पटत नाही. का, ते सांगते. पण आधी तो तक्ता बाजूला करू या.

टक्क्यांचा तक्ता दिसायला सोपा असतो, म्हणून तो वर्गावर्गांतून फिरतो. अडचण अशी की इंग्रजी बोलणारी माणसं त्याप्रमाणे बोलत नाहीत. 'इट मे बी द केबल' आणि 'इट माइट बी द केबल' यांत आज कित्येकांना काहीच फरक जाणवत नाही. बोलण्यात माइट जास्त येतो, औपचारिक लिखाणात मे जास्त. माइट किंचित दूरची शक्यता दाखवतो असं काहींना वाटतं, पण ५० आणि ३० इतकं अंतर त्यांत कुणी मोजत नाही.

शब्दांना आकडे जोडणं किती अवघड आहे, याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. १९५१ साली अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, याचा अंदाज तयार केला आणि त्याला 'सीरियस पॉसिबिलिटी' असे शब्द वापरले. त्या गटातले शर्मन केंट यांच्या मनात शक्यता साधारण ६५ टक्के होती. पुढे त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा कुणाच्या मनात २० टक्के निघाले, कुणाच्या मनात ८०. एकाच मजकुरावर एकमत झालेली, इंग्रजीतच काम करणारी ही माणसं. केंट यांनी १९६४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. आज हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीचे, म्हणजे आयपीसीसीचे, अहवाल पाहिले तर तिथे 'लाइकली' म्हणजे ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १०० असं आधीच ठरवून दिलेलं असतं. त्या मोजपट्टीत मे, माइट, कुड नाहीत. जिथे खरोखर आकडा हवा असतो तिथे आकडाच दिला जातो, नाहीतर ज्याचा आकडा जाहीर केला आहे असा शब्द.

मग ही क्रियापदं काय सांगतात? बोलणाऱ्याला ही गोष्ट कशावरून वाटते, ते सांगतात. 'मस्ट'चंच बघा. तक्त्यात त्याला ९५ टक्के दिले आहेत म्हणजे तो फार ठाम वाटतो. पण खिडकीतून पाऊस पडताना दिसत असेल तर कुणी 'इट मस्ट बी रेनिंग' म्हणत नाही, 'इट इज रेनिंग' म्हणतात. आत येणाऱ्यांच्या छत्र्या ओल्या दिसल्या आणि पाऊस स्वतः पाहिला नसला, तर मस्ट. लॉरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच हे दाखवलं होतं: मस्टचं वाक्य साध्या विधानापेक्षा कमकुवत असतं, कारण ते तर्काने काढलेलं असतं. मराठीतही आपण डोळ्यांसमोर पाऊस कोसळत असताना 'पाऊस पडत असावा' म्हणत नाही. ओल्या छत्र्या बघून म्हणतो. तुम्ही हे रोज, न चुकता करता.

'मराठीत एकच शकतो' हे म्हणणं इथेच कोसळतं. तो घरी असेल, तो घरी असावा, तो घरी असणारच, तो घरी असू शकतो, तो घरी नसेलही. ही पाच वाक्यं तुम्ही एकमेकांच्या जागी कधी वापरणार नाही. 'असेल'चं रूप भविष्याचं, पण अंदाज आत्ताचा. दार वाजल्यावर 'भाऊ असेल' म्हणतो तसंच इंग्रजीत 'दॅट विल बी माय ब्रदर' म्हणतात. इंग्रजी बोलणारी माणसंही भविष्याच्या रूपानेच वर्तमानाचा अंदाज करतात. शिवाय 'असेल कदाचित' आणि 'असेलच' यांत केवढं अंतर आहे! एकच 'असेल' जर सुरावर आणि सोबतच्या शब्दावर इतका हलतो, तर 'मे'ला एका आकड्यावर खिळा मारून ठेवता येईल, हे मानायचं तरी कशाला?

तर माझं सुचवणं असं. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी टक्का शोधू नका. तुमच्या मराठी वाक्याच्या आधी कोणते शब्द सहज बसतात ते बघा.

'ज्याअर्थी… त्याअर्थी' बसलं, तर मस्ट. ज्याअर्थी फ्यूज शाबूत आहे आणि दिवा लागत नाही, त्याअर्थी वायर तुटलेली असणार: 'द वायर मस्ट बी ब्रोकन'. कारण हातात नसेल तर मस्ट लिहायचा नाही, मग मनातून कितीही खात्री वाटो.

'एक शक्यता अशीही आहे की' बसलं, तर मे, माइट किंवा कुड. यांतला कोणताही चालतो. इतर शक्यता समोर आहेत आणि ही त्यांतली एक, असं सुचवायला कुड छान वाटतो, म्हणून दोष शोधताना तंत्रज्ञांच्या तोंडी 'इट कुड बी द केबल, इट कुड बी द रिले' असं येत राहतं.

'सगळं नेहमीप्रमाणे झालं तर' बसलं, तर शुड. आणि 'असं कधीकधी होतं' बसलं, तर कॅन. या शेवटच्यावर जरा थांबू, कारण तुमचं पहिलं लाल वाक्य तिथलं आहे आणि मराठी भाषकांची ही नेहमीची अडचण आहे. 'शकणे' दोन्हीकडे चालतं: 'अशा केबल तापू शकतात' हा एक सर्वसाधारण गुणधर्म झाला, 'या यंत्रात दोष केबलमध्ये असू शकतो' हा आत्ताच्या एका घटनेचा अंदाज झाला. इंग्रजीत पहिल्याला कॅन: 'दीज केबल्स कॅन ओव्हरहीट'. दुसऱ्याला कॅन चालत नाही, तिथे मे, माइट, कुड: 'द फॉल्ट मे बी इन द केबल'. ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी काय असेल याचा होकारार्थी अंदाज करताना कॅनवर हात गेला की मागे घ्या. नकारात आणि प्रश्नात मात्र तोच कॅन परत येतो. 'इट कान्ट बी द केबल' आणि 'कॅन इट बी द केबल?' ही दोन्ही वाक्यं ठीक आहेत. 'मे इट बी द केबल?' असं मात्र विचारत नाहीत. तिथे 'कुड इट बी'.

आता वरिष्ठांच्या शेऱ्याकडे. तो बोचला असेल, पण प्रश्न रास्त आहे. इंग्रजीत हीच क्रियापदं दोन कामं करतात. एक काम अंदाजाचं, दुसरं परवानगी आणि सक्तीचं. मस्ट म्हणजे 'असणारच' आणि मस्ट म्हणजे 'केलंच पाहिजे'. मे म्हणजे 'असेलही' आणि मे म्हणजे 'करायला हरकत नाही'. तुमच्या क्षेत्रात तर दुसरं काम कागदोपत्री बांधून टाकलेलं आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या मानकांचा मसुदा कसा लिहावा याचे नियम आहेत. त्यांत 'शॅल' म्हणजे आवश्यकता, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी आणि 'कॅन' म्हणजे शक्यता किंवा क्षमता. इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनीही १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात मस्ट, शुड, मे यांचे अर्थ असेच पक्के केले. अशी कागदपत्रं ज्यांच्या नजरेखालून सतत जातात, त्यांना 'द ऑपरेटर मे नॉट टच द स्विच' हे वाक्य 'ऑपरेटरने स्विचला हात लावायचा नाही' असंच वाटणार. तुमचा 'कॅन'सुद्धा कदाचित तिथूनच आला असेल. मानकात तो शक्यता सांगतो हे खरं, पण ती सर्वसाधारण शक्यता. मानक एखाद्या बंद पडलेल्या यंत्राबद्दल बोलत नसतं.

वाचणारा अंदाज आणि हुकूम वेगळे कसे ओळखतो? बहुतेकदा पुढच्या क्रियापदावरून. मस्टनंतर 'बी' किंवा 'बी' आणि आयएनजीचं रूप आलं, तर कल अंदाजाकडे: 'ही मस्ट बी टायर्ड', 'शी मस्ट बी वेटिंग'. नुसती कृती आली, तर कल हुकुमाकडे: 'ही मस्ट रेस्ट', 'शी मस्ट वेट'. 'यू मस्ट रिसीव्ह' वाचणाऱ्याला खटकतं ते यामुळेच. शिवाय पुढे घडायच्या गोष्टीचा अंदाज मस्टने सहसा करत नाहीत. तिथे 'यू शुड रिसीव्ह द पार्ट बाय थर्सडे'. आपल्या 'मिळायला हवा'मध्येही अपेक्षा आणि कर्तव्य दोन्ही मावतात, तसंच शुडमध्ये. हा नियम आंधळेपणाने मात्र लावू नका. 'यू मस्ट बी हिअर बाय नाइन' यात 'बी' असूनही तो हुकूमच आहे.

आणि भूतकाळ. तुमच्या दुसऱ्या वाक्याचं खरं दुखणं हेच. ऑपरेटरने हात लावला नसेल, ही झालेली गोष्ट आहे. तिला इंग्रजीत 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप लागतं: 'मे नॉट हॅव टच्ड'. एवढं लिहिलं की हुकुमाची शंका उरत नाही, कारण होऊन गेलेल्या गोष्टीची परवानगी कोण देणार? अपवाद नोकरीच्या जाहिराती आणि नियमावल्यांचा. 'उमेदवाराने परीक्षा उत्तीर्ण केलेली असली पाहिजे' या अर्थी तिथे 'मस्ट हॅव पास्ड' येतं. अहवालात तो गोंधळ व्हायचा नाही. आपल्याकडची रचनाही याच्या जवळची आहे, हे लक्षात ठेवलंत तर पाठ करायला फार उरत नाही. हात लावला असेल, 'मे हॅव टच्ड'. लावला असणार, 'मस्ट हॅव टच्ड'. लावला असता, 'वुड हॅव टच्ड'. आपण मूळ क्रियापद झालेल्या रूपात ठेवतो आणि 'असणे'ला कामाला लावतो. इंग्रजी 'हॅव'ला लावते.

नकाराकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, असं मी आग्रहाने सांगेन. होकारात 'माइट बी' आणि 'कुड बी' हातात हात घालून चालतात. नकार आला की दोघांच्या दोन दिशा होतात. 'द केबल माइट नॉट बी फॉल्टी' म्हणजे केबलमध्ये दोष नसेलही, अजून बघायचं आहे. 'द केबल कुडन्ट बी फॉल्टी' म्हणजे केबलमध्ये दोष असणं शक्यच नाही, तिकडे बघायची गरज नाही. पहिल्यात शक्यता नसण्याची आहे, दुसऱ्यात शक्यताच नाकारली आहे. एका शब्दाच्या चुकीने पुढचा तंत्रज्ञ केबल न उघडता निघून जाईल. ऑपरेटरच्या वाक्यातही हाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुम्हीच देऊ शकता: त्याने हात लावला नसेल, हे तुम्ही कशावरून म्हटलंत? तो तसं म्हणाला एवढंच असेल, तर 'मे नॉट हॅव टच्ड'. स्विचवरचं सील तुम्ही स्वतः तपासलं आणि ते अखंड होतं, तर 'कान्ट हॅव टच्ड', आणि त्याच ओळीत सीलचा उल्लेख. अंदाजाच्या अर्थाने मस्टचा नकार करायचा, तर ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत 'मस्टन्ट' सहसा चालत नाही, तो मनाई वाटतो. तिथे कान्टच येतो. अमेरिकन बोलण्यात 'ही मस्ट नॉट बी होम' असं ऐकू येईल, ते चूक समजू नका.

अहवाल लिहिणाऱ्यांनी आणखी एका जागी जपावं. 'द मोटर मे हॅव बीन सेव्ह्ड' म्हणजे मोटर वाचली असेल, आपल्याला अजून कळलेलं नाही. 'द मोटर माइट हॅव बीन सेव्ह्ड' याचा अर्थ तोही होतो, पण आधी 'वेळेवर तपासणी झाली असती तर' असं काही आलं असेल, तर मोटर वाचली असती, म्हणजे वाचली नाही. जिथे गोष्ट हुकलेली आहे तिथे काटेकोर लिखाणात माइट किंवा कुडच लिहा, मे नको. 'कुड हॅव' आणि 'शुड हॅव' माणसांबद्दल लिहिताना तर दोनदा वाचा. 'द ऑपरेटर कुड हॅव इन्फॉर्म्ड अस' हा अंदाज राहत नाही. 'कळवता आलं असतं की' हा ठपका होतो.

आता सगळीकडे 'माइट' लिहिण्याच्या वाटेबद्दल. ही वाट मोहाची आहे, कारण व्याकरण फारसं चुकत नाही. पण मग तुम्ही तपासून काढलेला निष्कर्ष आणि सहज आलेली शंका, दोन्ही एकाच रंगात दिसतात. सील पाहिलं, फ्यूज मोजला, एकेक कारण बाद केलं, आणि शेवटी लिहिलं 'इट माइट बी द वायर'. एवढ्या कामाचं वजन त्या वाक्यात कुठे दिसणार? वाचणाऱ्याला वाटतं, यांना खात्री नाही. ज्या स्त्रिया आणि ज्या नव्या नोकरदार मुली-मुलांना आधीच 'जपून बोल' असं शिकवलेलं असतं, त्यांच्या कामाची किंमत अशा सरसकट माइटने आणखी कमी होते. हे मला फार खटकतं. जिथे पुरावा आहे तिथे मस्ट लिहिण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ही क्रियापदं टाळून 'प्रॉबबली', 'परहॅप्स', 'इट इज पॉसिबल दॅट' यांवर भागवता येईल का? काही काळ, हो. ते बरोबर इंग्रजी आहे, कुणी खूण करणार नाही. घाईत असाल तेव्हा 'प्रॉबबली द केबल' म्हणून पुढे जायला काहीच हरकत नाही. फक्त दोन्ही एकत्र रचू नका. 'इट मे पॉसिबली परहॅप्स' अशा वाक्यात बोलणारा पाय मागे घेताना दिसतो. आणि लिहिताना 'मेबी' हा जोडशब्द आणि 'मे बी' हे दोन सुटे शब्द वेगळे ठेवा. पहिला म्हणजे 'कदाचित', दुसऱ्यात क्रियापद आहे. 'द केबल मेबी लूज' असं लिहिलं की वाक्याला क्रियापदच राहत नाही.

सरावासाठी नवं पुस्तक घेऊ नका. तुमचेच जुने अहवाल काढा. शक्यतेच्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने एक शब्द लिहा: पाहिलं, ताडलं, ऐकलं, किंवा नुसतं सुचलं. पाहिलं असेल तिथे यांतलं एकही क्रियापद नको, साधं 'इज' किंवा 'वॉज' पुरे. ताडलं असेल तिथे मस्ट किंवा कान्ट. ऐकलं असेल तर आधी कुणाकडून ते लिहा, मग मे. सुचलं असेल तर माइट, कुड. असे चार-पाच अहवाल झाले की हात आपोआप वळेल. तुमच्यासारखे आणखी सहकारी असतील, तर एकमेकांचे अहवाल अदलाबदल करून हेच करा. दुसऱ्याच्या लिखाणात 'हे कशावरून?' असं विचारणं सोपं जातं.

बैठकीत बोलताना शब्द निवडायला वेळ नसतो, म्हणून तिथे मी वेगळं करायला सांगेन. मे, माइट, कुड यांतलं जे तोंडात येईल ते म्हणा आणि लगेच पुढच्या छोट्या वाक्यात कारण सांगा: 'इट माइट बी द केबल. वी हॅवन्ट टेस्टेड इट येट.' किंवा 'इट मस्ट बी द केबल. एव्हरीथिंग एल्स टेस्टेड फाइन.' कुणी 'किती टक्के?' असं विचारलंच, तर क्रियापद बदलत बसू नका. आकडा सांगता येत असेल तर आकडा सांगा, नसेल तर कोणती तपासणी झाली की तो सांगता येईल, ते सांगा.